सुईणीचे शिक्षण: मालवण किनाऱ्यावरची बदलती वाट

मालवण किनाऱ्यावर बाळंतपण करण्याची विद्या आजवर चार ठिकाणी शिकली गेली: घराच्या आतल्या खोलीत, मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि नर्सिंगच्या महाविद्यालयात. दर टप्प्याला ही विद्या अधिक पक्की, अधिक शास्त्रशुद्ध झाली. मात्र तिचा अभ्यासक्रम आणि परवाना ठरवणारे ठिकाण गावापासून दूर गेले. म्हणून या व्यवसायाच्या इतिहासात दोन प्रश्न सतत पुढे येतात. शिकायला घराबाहेर पडणे कोणाला शक्य होते, आणि शिकून पुन्हा किनाऱ्यावर कोण येत होते?

वैजीण आणि तिचे शिक्षण

मालवणी मुलखात सुईणीला वैजीण म्हणत. ती बहुधा स्वतःची बाळंतपणे उरकलेली, पोक्त वयाची बाई असे. पुष्कळदा विधवा असे. तिच्या शिक्षणाला वर्ग नव्हता की परीक्षा नव्हती. आईच्या, सासूच्या किंवा मावशीच्या मागून बाळंतिणीच्या घरी जायचे, चुलीवर पाण्याचा हंडा ठेवायचा, दिवा धरायचा, बाळंतिणीची कंबर दाबायची, आणि हे करता करता पाहत राहायचे. पुढे बाळाला न्हाऊ-माखू घालणे आणि बाळंतिणीला तेल लावणे ही कामे हाती येत. बऱ्याच वर्षांनी, थोरली सुईण थकली किंवा दुसऱ्या वाडीत अडकली, की पहिले बाळंतपण एकटीने निभवायची वेळ येई. ते सुखरूप पार पडले की वाडी तिला ओळखू लागे. विश्वास हाच तिचा दाखला होता.

अनुभवी सुईणीचे खरे ज्ञान तिच्या बोटांत असे. दोन्ही तळवे पोटावर ठेवून ती मूल कसे आहे ते चाचपून पाही. डोके वाटोळे आणि टणक लागते, बोटांमध्ये धरून हलवले तर इकडून तिकडे सरकते. बैठक मऊ आणि पसरट लागते, ती तशी हलत नाही. पाठीची बाजू सलग आणि घट्ट असते, हातापायांची बाजू उंचसखल. आजच्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीला पोटतपासणीच्या ज्या पायऱ्या शिकवतात, त्यांतल्या पहिल्या पायऱ्या याच आहेत. महाराष्ट्रातल्या अनेक सुईणी वार पडेपर्यंत नाळ कापत नसत. मूल रडले नाही तर वारेला ऊब देण्याची रीतही होती. बाळंतिणीजवळ न हलता बसून राहणे, तिला धीर देणे, उठवणे, फिरवणे आणि उकिडवे बसवणे हाही या विद्येचाच भाग होता.

बाळ जन्मले म्हणून सुईणीचे काम संपत नसे. सोयर फिटेपर्यंत ती रोज येई. कढत पाण्याची न्हाणी, खोबरेलाची मालिश, शेगडीचा शेक, ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, हळीव, उकड्या तांदळाची पेज हा सारा क्रम तिच्या देखरेखीखाली चाले. पाचवी-सटीच्या पूजेला तिचा मान असे. मोबदला रोख पैशांत क्वचितच मिळे. नारळ, तांदूळ, लुगडे आणि सुगीत भात असे त्याचे स्वरूप होते.

या विद्येला मर्यादाही होत्या आणि त्या जीवघेण्या होत्या. घरातल्याच विळ्याने किंवा कोयतीने नाळ कापणे आणि तिच्या टोकाला राख किंवा शेण लावणे यांतून नवजात बाळाला धनुर्वात होई. न धुतलेल्या हातांनी तपासणी झाली तर बाळंतिणीला सूतिकाज्वर येई. आडवे आलेले मूल, वार अडकणे, अंगावरून थांबेना असे रक्त जाणे किंवा झटके येणे यांपुढे सुईणीचे हात थिटे पडत. या संकटात दुसरा उपाय शोधायचा तर भूगोल आड येई. देवबाग एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या वाळूच्या पट्ट्यावर वसले आहे. सड्यावरच्या आणि घाटाखालच्या वाड्यांना व्हाळ, म्हणजे ओढे, आणि त्यांवरचे साकव ओलांडावे लागत. पावसाळ्यात होडी बंद पडली किंवा साकव वाहून गेला की बाळंतीण आणि सुईण दोघींना त्याच खोलीत निभावून न्यावे लागे. अडलेल्या बाईला डोलीत घालून नेत, पण वाट लांबची असे.

आणखी एका गोष्टीचा परिणाम पुढे फार काळ टिकला. बाळंतपण विटाळाचे मानले जाई. त्यामुळे महाराष्ट्रातल्या पुष्कळ गावांत हे काम दलित किंवा न्हावी समाजातल्या बायकांकडे ढकललेले असे. गावाला सुईणीवाचून चालत नसे, पण तिच्या कामाला प्रतिष्ठा नव्हती. पुढे शिकलेल्या मुलींना हा व्यवसाय खुला झाला, तेव्हा घरच्यांच्या विरोधामागे हीच भावना मोठ्या प्रमाणात होती.

बंदरे, संस्थान आणि मिशन

१८१२ मध्ये मालवण आणि वेंगुर्ले ही बंदरे इंग्रजांच्या ताब्यात गेली. लगतचा सावंतवाडीचा प्रदेश मात्र १९४८ मधल्या विलीनीकरणापर्यंत संस्थान म्हणून राहिला. किनाऱ्यावर पाश्चात्य वैद्यक प्रथम आले ते सरकारी दवाखाने आणि देवीची लस टोचणारे कर्मचारी यांच्या रूपाने. या व्यवस्थेत पुरुष डॉक्टर पुरुष रुग्णांना तपासत. बाळंतपणाची खोली तिच्या बाहेरच राहिली, कारण परपुरुषाने बाळंतिणीला हात लावणे कुटुंबांना मान्य नव्हते.

दक्षिणेला पोर्तुगीज गोव्यात १८४२ मध्ये पणजीला वैद्यकीय शाळा निघाली होती, आणि तिथे सुईणींच्या शिक्षणाचीही सोय झाली. ती सीमा आणि ती भाषा ओलांडून तिथे जाणे मालवणच्या मुलीला सोपे नव्हते.

घाटावर कोल्हापुरात एक संधी जवळ येऊन हुकली. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. त्यांचा प्रबंध प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री-विभागावर त्यांची नेमणूकही झाली होती. पण फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयाने त्यांचे निधन झाले आणि हे काम सुरूच झाले नाही.

याच सुमारास सरकारदरबारी या प्रश्नाची दखल घेतली गेली. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने भारतीय स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरवण्यासाठी निधी उभारला गेला. डॉक्टर, नर्स आणि सुईणी अशा तिन्ही प्रकारच्या स्त्रिया तयार करणे हा त्याचा हेतू होता. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरिया स्मृती शिष्यवृत्ती निधी काढला आणि तो खास गावोगावच्या दाईंच्या शिक्षणासाठी होता. या प्रयत्नातून लवकरच एक अडचण दिसली आणि ती पुढे शतकभर सुटली नाही. वयस्क, निरक्षर आणि हातावर पोट असलेल्या बाईला काही महिने काम सोडून वर्गात बसणे परवडत नाही. तरुण, शिकलेली मुलगी वर्गात बसते, पण गाव तिला पोरसवदा समजून बाळंतपणाला बोलावत नाही.

वेंगुर्ल्यात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे सेंट ल्यूक्स रुग्णालय उभे राहिले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात डॉ. रॉबर्ट गोहीन यांच्या कामामुळे ते नावारूपाला आले. याच मिशनचे मोठे रुग्णालय सर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला उभे केले होते. मिशनच्या रुग्णालयांत मुलींना वॉर्डात कामाला घेऊन शिकवण्याची पद्धत होती. सकाळी रुग्णाजवळ काम, दुपारी धडा आणि रात्री पाळी असा तिचा क्रम असे. या शिक्षणाला पहिल्या पिढीत बहुतेक ख्रिस्ती मुली आल्या. हिंदू घरांतून विधवा आणि परित्यक्ता आल्या, पण त्यांची संख्या बेताची होती.

मुंबईची वाट

मालवण, वेंगुर्ले, देवगड आणि विजयदुर्ग या बंदरांचा मुंबईशी आगबोटीने संबंध होता. घरटी एक-दोन पुरुष गिरणीत किंवा गोदीत कामाला असत आणि मनीऑर्डरीवर गावचे घर चाले. त्यामुळे गावात मागे राहणाऱ्यांमध्ये बायका, मुले आणि म्हातारी माणसे जास्त असत. ज्या मुलीला सुईणीचे शिक्षण घ्यायचे तिला मुंबईत एखादे नातेवाइकाचे बिऱ्हाड सापडू शकत होते आणि त्याच शहरात या शिक्षणाची सोयही वाढत होती.

१८८२ मध्ये जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी बंगाली यांनी भारतीय स्त्रियांसाठी वैद्यकीय निधी उभारला. त्यातून १८८३ मध्ये डॉ. एडिथ पिची मुंबईत आल्या आणि १८८६ मध्ये स्त्रिया व मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. तिथे नर्स तयार करण्याचे काम पुढे चालू झाले. जे. जे. रुग्णालयात १८९१ मध्ये प्रशिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत यांची भारतीय नर्सिंगच्या इतिहासात पहिली भारतीय प्रशिक्षणार्थी म्हणून नोंद आहे.

मराठी घरांतली भीड मोडण्यात पुणे सेवासदनाचा वाटा मोठा आहे. रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांनी १९०९ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेने विधवा आणि गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयात नर्सिंग व सुईणीचे काम शिकण्यासाठी पाठवले. रात्रपाळी, परजातीच्या रुग्णाचा स्पर्श आणि परपुरुषांसमोर वावर असे तिन्ही आक्षेप तेव्हा घेतले गेले. संस्थेने शिकणाऱ्या बायकांच्या राहण्याची आणि देखरेखीची जबाबदारी घेतली. घरच्यांना निश्चिंत करणारी ही व्यवस्था नसती तर शिष्यवृत्ती असूनही मुली आल्या नसत्या. कोकणातल्या मुलींच्या बाबतीत पुढेही वसतिगृह हाच निर्णायक मुद्दा राहिला.

१९२६ हे वर्ष परळच्या गिरणगावासाठी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी नवरोसजी वाडिया प्रसूतिगृह आणि के. ई. एम. रुग्णालय सुरू झाले. बाळंतपणे हीच सुईणीच्या शिक्षणाची पाठ्यपुस्तके मानली, तर या परिसराएवढे मोठे ग्रंथालय सबंध कोकणात नव्हते. १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात गिरणी कामगार स्त्रियांना प्रसूतिलाभ देणारा कायदा झाला. त्याआधी कायदेमंडळात या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी पाठिंबा दिला होता. मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते आणि त्या काळच्या गिरणी कामगारांत या जिल्ह्यातल्या माणसांचा भरणा मोठा होता, म्हणून या कायद्याचा संबंध मालवणी कुटुंबांशीही येत होता.

मुंबईच्या या वाटेची उणीव अशी की तिथे शिकलेली मुलगी बहुधा तिथेच राही. पगार, निवास आणि रुग्णालयाची साधने शहरात होती. गावी परतलेल्या प्रशिक्षित सुईणीजवळ ना औषधे होती ना हाताखाली माणूस. त्यामुळे शिकलेल्या प्रसविका तयार होत असतानाही किनाऱ्यावरची बहुसंख्य बाळंतपणे वैजिणीच्याच हातून होत राहिली.

नोंदणी आणि भोर समिती

इंग्लंडमध्ये १९०२ च्या कायद्याने सुईणींची नोंदणी सुरू झाली आणि नर्सपासून वेगळा, स्वतंत्र व्यवसाय म्हणून तो तिथे वाढला. भारतात मद्रास प्रांताने १९२६ मध्ये नर्स आणि सुईणींसाठी कायदा केला. मुंबई प्रांतात नर्स, मिडवाइफ आणि हेल्थ व्हिजिटर यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ मध्ये आला. पुढे १९५४ चा सुधारित कायदा आणि १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम आले. देशपातळीवर १९४७ मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला. नोंदणीमुळे सुईणीचे शिक्षण लेखी झाले. किती महिने शिकायचे, किती बाळंतपणे स्वतःच्या हाताने करायची, परीक्षा कोणी घ्यायची हे ठरले. त्याच वेळी नोंदवहीत नाव नसलेली गावची वैजीण कायद्याच्या नजरेत सुईण उरली नाही, जरी गावाला दुसरी कोणी नव्हती.

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये दिलेल्या अहवालात देशात सुमारे ६०,००० लोकांमागे एक प्रशिक्षित मिडवाइफ असल्याचे नोंदवले. हे प्रमाण मालवण तालुक्यासारख्या विखुरलेल्या वस्तीला लावले की उणीव किती खोल होती ते समजते. समितीने गावपातळीवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांची शिफारस केली. प्रशिक्षित मनुष्यबळ तयार होईपर्यंत गावच्या दाईंना शिकवून कामात घ्यावे, असेही तिने सुचवले. पुढच्या काही दशकांत दोन्ही प्रयोग शेजारी शेजारी चालले.

एएनएम: गावात राहणारी नर्सबाई

१९५० च्या दशकाच्या प्रारंभी साहाय्यकारी परिचारिका प्रसविका, म्हणजे एएनएम, हा नवा अभ्यासक्रम आला. सातवी-आठवी शिकलेल्या मुलीला दोन वर्षांत तयार करून खेड्यात पाठवावे, अशी त्याची कल्पना होती. १९५२ च्या सामुदायिक विकास कार्यक्रमापासून प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर आरोग्य उपकेंद्राची नर्सबाई जिल्हा परिषदेची कर्मचारी झाली. डोंगराळ, आदिवासी आणि दुर्गम भागांत ३,००० आणि सपाटीवर ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष पुढे ठरला.

शिक्षणाच्या इतिहासात ही मोठी घटना होती. पहिल्यांदाच शिक्षण आणि गावातली नेमणूक यांची सांगड बसली. शेतकरी, गाबीत, भंडारी, दलित अशा कोणत्याही घरातल्या मुलीला थोड्या शिक्षणावर सरकारी नोकरी, पगार आणि निवृत्तिवेतन मिळू लागले. ज्या कामाला विटाळामुळे मान नव्हता, त्याला पांढरी साडी आणि शासकीय हुद्दा मिळाला. पुढे एलएचव्ही म्हणजे आरोग्य सहायिकेचा सहा महिन्यांचा पदोन्नती अभ्यासक्रम करून वर चढण्याची वाटही होती.

एएनएमचे काम मात्र लवकरच पसरत गेले. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्याची संकल्पना मांडली. कुटुंबनियोजन, लसीकरण, हिवताप आणि नोंदवह्या अशी सारी कामे तिच्याकडे आली. १९७७ मध्ये अभ्यासक्रम दोन वर्षांवरून दीड वर्षांवर आला आणि प्रवेशाला दहावीची अट आली. शिकण्याचा काळ घटला आणि विषय वाढले, त्यामुळे प्रत्यक्ष बाळंतपण शिकण्याला मिळणारा वेळ कमी झाला. अनेक एएनएम कागदावर प्रसविका राहिल्या आणि प्रत्यक्षात लसीकरण व सर्वेक्षणाच्या कार्यकर्त्या झाल्या. अखेर नव्या अभ्यासक्रमाने पुन्हा दोन वर्षांचा कालावधी आणला आणि प्रवेश बारावीनंतर ठेवला.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. याआधी जिल्ह्याचे मुख्य रुग्णालय रत्नागिरीला होते. आता ओरोस येथे जिल्ह्याचे ठिकाण उभे राहिले. आरोग्य केंद्राकडून ग्रामीण रुग्णालयाकडे आणि तिथून जिल्हा रुग्णालयाकडे रुग्ण पाठवण्याची साखळी जिल्ह्याच्या आतच तयार होऊ लागली. मालवण तालुक्यात आचरा, मसुरे, चौके यांसारख्या ठिकाणची आरोग्य केंद्रे आणि मालवणचे ग्रामीण रुग्णालय ही या साखळीतली नावे.

दाई प्रशिक्षण

१९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेतून गावच्या दाईंना शिकवण्याचे काम देशभर हाती घेतले गेले. दर हजार वस्तीमागे एक प्रशिक्षित दाई असावी, हे उद्दिष्ट होते. शिक्षणाचा काळ ३० कामाच्या दिवसांचा होता आणि त्या काळात ३०० रुपये विद्यावेतन मिळे. आठवड्यातले दोन दिवस आरोग्य केंद्रात किंवा उपकेंद्रात, बाकीचे दिवस नर्सबाईबरोबर आपल्याच भागात, अशी त्याची रचना होती. निदान दोन बाळंतपणे देखरेखीखाली करणे बंधनकारक होते. लेडी कर्झनच्या काळापासूनची अडचण या रचनेने बऱ्याच अंशी ओळखली होती. दाईला घर सोडावे लागत नव्हते आणि तिची मजुरीही पूर्ण बुडत नव्हती.

शिकवण्याचा गाभा पाच स्वच्छतांमध्ये होता: स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा आणि स्वच्छ नाळ. शेवटी दाईला दाखला आणि प्रसूतीची पेटी मिळे. पेटीतले साहित्य साधे होते: साबण, नखे घासायचा ब्रश, कात्री किंवा पाते, नाळ बांधायचा दोरा, कापसाचे बोळे, अंथरायचे प्लास्टिक. हात कोपरापर्यंत घासून धुवायचे, नखे कापलेली ठेवायची, पाते आणि दोरा उकळून घ्यायचे, नाळेला दोन ठिकाणी गाठ मारून मध्ये कापायची आणि टोकाला काहीही लावायचे नाही, असा क्रम चित्रांवरून पाठ करवून घेतला जाई. वाचता न येणाऱ्या बाईलाही तो समजत होता. यातली सगळ्यांत अवघड सूचना शेवटची ठरली, कारण नाळेला राख लावणे ही जुन्या काळजीचीच रीत होती. गरोदरपणी आईला धनुर्वाताची लस देणे आणि ही स्वच्छता यांनी मिळून नवजात बाळांचा धनुर्वात आटोक्यात आणला.

प्रशिक्षणाने रक्तस्राव किंवा झटके थांबत नव्हते, त्याला औषधे, रक्त आणि शस्त्रक्रिया लागत. म्हणून धोक्याची चिन्हे ओळखून वेळेवर पाठवणे हाही दाईच्या शिक्षणाचा भाग होता. चांगले प्रशिक्षण झाले त्या गावांत वैजीण आणि नर्सबाई एकमेकींना पूरक झाल्या. वैजीण घर जाणत होती, नर्सबाई औषध जाणत होती.

बाळंतपण दवाखान्यात येते

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आणि जननी सुरक्षा योजना आली. धोरणाचा रोख घरच्या बाळंतपणाकडून दवाखान्यातल्या बाळंतपणाकडे वळला. दाईंचे वर्ग मागे पडले. गावपातळीवर आशा स्वयंसेविका आली. तिचे काम बाळंतपण करणे नव्हे, बाळंतिणीला दवाखान्यात नेणे हे होते. एएनएम आणि स्टाफ नर्स यांना कुशल प्रसूती साहाय्यक करण्यासाठी किमान २१ दिवसांचे विशेष प्रशिक्षण सुरू झाले. पार्टोग्राफ, म्हणजे कळांची आणि मुलाच्या ठोक्यांची दर ठरावीक वेळाने करायची नोंद, तसेच रक्तस्रावावरचे ऑक्सिटोसिन आणि झटक्यांवरचे मॅग्नेशियम सल्फेट यांचा वापर त्यात शिकवला गेला. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ पासून सरकारी रुग्णालयातले बाळंतपण आणि वाहतूक मोफत केली. १९९८ मध्ये पूर्ण झालेली कोकण रेल्वे, खाडीवरचे पूल आणि १०२ व १०८ क्रमांकांच्या रुग्णवाहिका यांनी जुन्या डोलीची गरज बहुतेक संपवली.

परिणाम स्पष्ट आहे. २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३ होते, देशात ९७. तरीही गुंतागुंतीच्या बाळंतिणीला गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात न्यावे लागणे हा सिंधुदुर्गातला नेहमीचा अनुभव राहिला. ओरोसला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१ मध्ये सुरू झाले ते या पार्श्वभूमीवर.

या बदलात वैजिणीची परंपरा जवळजवळ संपली. तिच्या जागी आलेल्या नर्सची मात्र रुग्णालयात कोणत्याही विभागात बदली होऊ शकते. बाळंतपणाच्या खोलीत हात बसेपर्यंत तिची नेमणूक दुसरीकडे होते. देशात सिझेरियनचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत २१.५ टक्के झाले. तेव्हा सामान्य बाळंतपण धीराने होऊ देणाऱ्या, फक्त त्याच कामात तरबेज असलेल्या प्रसविकेची उणीव पुन्हा जाणवू लागली. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने मिडवायफरी सेवांच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. नोंदणीकृत आणि अनुभवी नर्ससाठी १८ महिन्यांचा नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी अभ्यासक्रम त्यांत आहे. प्रसविकेच्या देखरेखीखाली चालणाऱ्या प्रसूती कक्षांचीही तरतूद आहे. १९४७ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायदा झाला.

आजच्या वाटा

सिंधुदुर्गातल्या मुलीसमोर आज चार मुख्य वाटा आहेत. एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्या मुलीला खुला आहे आणि त्याची दिशा उपकेंद्राकडे, म्हणजे गावात राहून काम करण्याकडे जाते. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. तो केल्यावर नर्स आणि मिडवाइफ अशी दुहेरी नोंदणी मिळते आणि रुग्णालयात स्टाफ नर्सची नोकरी मिळू शकते. या दोन्हींचे नियमन राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ करते. बी.एस्सी. नर्सिंग हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असून त्याला बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र लागते, राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. अध्यापन, प्रशासन आणि परदेशातली नोकरी या दिशा त्यातून खुल्या होतात. चौथी वाट नोंदणीनंतरची आहे: प्रत्यक्ष अनुभव घेऊन मिडवायफरीचा १८ महिन्यांचा विशेष अभ्यासक्रम किंवा प्रसूती व स्त्रीरोग परिचर्येतले एम.एस्सी. बाळंतपण हेच आयुष्याचे काम करायचे असेल तर शेवटी या चौथीकडे यावे लागते, पण १८ महिन्यांच्या अभ्यासक्रमासाठी जीएनएम किंवा बी.एस्सी. ही पूर्वअट आहे. एएनएम निवडणाऱ्या मुलीने हे आधीच लक्षात घ्यायला हवे.

शिक्षण घराजवळ मिळू लागले आहे. कुडाळला बॅ. नाथ पै शिक्षण संस्थेचे नर्सिंग महाविद्यालय आहे. पण इतिहासाने दाखवलेली कसोटी इथेही लागू पडते: संस्थेला जोडलेल्या रुग्णालयात बाळंतपणे किती होतात? जीएनएम आणि बी.एस्सी.च्या विद्यार्थिनीने २० सामान्य बाळंतपणे स्वतःच्या हाताने करावीत, असा नियम अनेक वर्षे होता. सिंधुदुर्गात हे जमवणे सोपे नाही. २००१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. तरुण कुटुंबे मुंबई-पुण्याला आणि गोव्याला जातात, जन्म कमी होतात, आणि ते ओरोस, मालवण, कणकवली, सावंतवाडी अशा ठिकाणी आणि अनेक खासगी प्रसूतिगृहांत विभागले जातात. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी जोडलेल्या रुग्णालयातल्या बाळंतपणांची वर्षाची संख्या, एका बाळंतपणामागे शिकणाऱ्या मुली किती, आणि अनुभवासाठी मोठ्या रुग्णालयात पाठवणी किती आठवड्यांची, ही माहिती विचारून घेणे योग्य ठरते. संस्थेची मान्यता, मुलींचे वसतिगृह आणि नोंदणी कोणत्या नावाने मिळणार हे त्यानंतरचे प्रश्न आहेत.

या किनाऱ्यावर सुईणीचे शिक्षण यशस्वी झाले ते शिकणारीच्या राहण्याची सोय झाली, हाताखालून पुरेशी बाळंतपणे गेली आणि शिकून झाल्यावर गावाजवळ पगाराची जागा मिळाली तेव्हा. यांतली एक गोष्ट नसली की शिक्षण अपुरे राहिले, किंवा शिकलेली बाई दुसऱ्या गावची झाली. १९०९ मध्ये सेवासदनाने पहिली गोष्ट सांभाळली, १९२६ नंतर परळने दुसरी दिली आणि १९५० च्या दशकातल्या एएनएम योजनेने तिसरी. या तिन्ही एकाच ठिकाणी आणणे हे सिंधुदुर्गातल्या नव्या संस्थांपुढचे काम आहे, आणि वाट निवडणाऱ्या मुलीने संस्थेची पारख करायची ती याच तीन गोष्टींवरून.